उल्मची चिमणी

खरेदी खात्यातल्या साहेबांनो, आमचा माल टाकाऊ ठरवून तुम्ही आमची अर्धी माणसं घरी बसवलीत. तुमच्या विजेच्या गाडीच्या बॅटरीत पाणी शिरू नये म्हणून लागणारं रबरी कडं इथे जर्मनीत, उल्म गावी आमच्या कारखान्यात बनायचं. ते काम तुम्ही शेजारच्या चेक देशातल्या एका कंपनीला दिलंत. मग आम्ही कुणा दलालाला कडी बनवून देत तग धरून राहिलो. माल कुठे जातो ते विचारायचं नाही, ही त्याची अट.

काल तुमचे ब्रेटश्नायडर साहेब आले. आमच्या मालकीण वाल्ट्राऊटबाईंसमोर त्यांनी चेक कंपनीचं कडं ठेवलं.

"बघा बाई, याला म्हणतात काम! असं जमत असेल तर नव्या गाडीची ऑर्डर तुमची. नाहीतर कारखान्याला कुलूप घाला आणि बागेत बटाटे लावा."

बाईंनी चष्मा लावला, कडं उलटं करून पाहिलं आणि माझ्याकडे सरकवलं.



आतल्या बाजूला आमच्या साच्याची खूण होती, बाईंच्या वडिलांनी स्वतः कोरलेली नखाएवढी चिमणी. आता सांगा साहेब, आम्ही नक्की कुणासारखं काम करायचं?