दोन तपकिरी बाटल्या

"काळं निघालं तर काय समजायचं?" तळघराच्या पायरीवरूनच झेम्पबाईंनी विचारलं.

"नळ्या संपल्या असं समजायचं." बेनो श्निडरने वाकून तोटीला रबरी नळी लावली. "घर गरम ठेवणाऱ्या तुमच्या फरशीखालच्या नळ्यांचं प्लॅस्टिक पंचेचाळीस वर्षांचं. म्हातारं झालं की कडक होतं, तडकतं. मग गरम पाण्यात गाळ उतरतो, कॉफीच्या चोथ्यासारखा."

"आणि स्वच्छ निघालं तर?"

"तर अजून पुष्कळ वर्षं पाय शेकत बसा!"

बाई हसल्या नाहीत.

बेनोने दोन बाटल्या काठोकाठ भरल्या. तळघरातला दिवा मिणमिणता आणि काच जाड, तपकिरी. आतल्या पाण्याचा रंग कळायला मार्ग नव्हता. एक बाटली त्याने सवयीने बॅगेत टाकली. दुसरी वर नेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली.

तिथे कॉफीचं भलंमोठं भांडं आणि नाशपातीचा रोल तयार होता. चार माणसांना पुरेल एवढा. बाईंनी त्याला कप भरून दिला.

"आद्रियाननेच ही तपासणी मागवली," त्या म्हणाल्या. "म्हणतो, आई, नळ्या धड असतील तर तू आपली तिथेच सुखात राहा. गेल्या असतील तर फरशी उकरत कोण बसतंय? घर विकू, तू विंटरथूरला आमच्याकडे ये. खोली रिकामी आहे म्हणे. नातींच्या खोलीला लागूनच."

बेनोला गलबलून आलं. त्याच्या आईलाही असंच घरातून उठवून थोरल्या भावाने शहरात नेलं होतं. खिडकीशी बसून गावाची आठवण काढता काढता ती गेली. तेव्हा आपण गप्प बसलो, हे त्याला अजून खात होतं.

"इथे करमतं तुम्हाला?"

"पाववाल्याची गाडी मंगळवारी येते. त्याच्याशी दोन शब्द होतात."

"तरी आपलं घर ते आपलं घर, झेम्पबाई."

"सगळे तेच म्हणतात रे."

बाटलीवर डकवायच्या चिठ्ठ्या गाडीत राहिल्या होत्या. त्या आणायला बेनो बाहेर गेला. परत आला तेव्हा बाटली जागच्या जागी होती, पण बाहेरून ओली. झाकण तिरकं बसलेलं. मोरीत पाणी सांडलेलं. आणि बाई चुलीपाशी, दोन्ही हात एप्रनखाली घेऊन उभ्या.

"आणखी कॉफी देऊ?" त्या घाईघाईने म्हणाल्या, आणि लगेच ओशाळल्या. "अगंबाई, संपलीच की."

बेनोच्या लक्षात सगळा प्रकार आला. म्हातारीने नळ्यांमधलं पाणी ओतून देऊन बाटलीत नळाचं स्वच्छ पाणी भरलं होतं. बिचारी! या वयात चोरी करायची वेळ आली, तीही आपल्याच घरासाठी. त्याने झाकण घट्ट केलं, चिठ्ठी डकवली आणि निरोप घेतला.

"निकाल लवकर कळव हं, बेनो," त्या दारातून म्हणाल्या. "मी वाट बघतेय."

गावाबाहेर त्याने गाडी थांबवली. प्रयोगशाळेला दोन्ही बाटल्या लागत, आणि दोन्ही ताडून बघितल्या की बाईंचं बिंग फुटणार. बॅगेतली खरी बाटली रिकामी करायची आणि टेबलावरच्या बाटलीतलं अर्धं पाणी तिच्यात ओतायचं, एवढंच काम होतं. कळलं तर नोकरी जाईल, हे त्याला ठाऊक होतं. पण आईच्या वेळी गप्प बसलो, तेवढं पुरे झालं.

त्याने बॅगेतली बाटली रस्त्याकडेच्या बर्फावर उपडी केली. बर्फात खळगा पडला. बेनो बघतच राहिला. डाग कुठेच नव्हता. तळाचे थेंबसुद्धा त्याने झटकून पाहिले; पाणी झऱ्यासारखं नितळ होतं.

मग त्याने टेबलावरची बाटली उघडली आणि जराशी कलती केली. पांढऱ्या बर्फावर काळा गाळ पसरला, आणि थंड हवेत कॉफीचा वास सुटला.