उजव्या कानाचे पाच

"लिहा मावशी, तुमच्या नावानं, की भुसा बदलताना माझ्या हातून उंदरांची अदलाबदल झाली," असं म्हणत सरांनी उंदीरघर सांभाळणाऱ्या शेवंतामावशींपुढे नोंदवही सरकवली.

सरांचा हिशेब सोपा होता. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांना त्यांनी जंतू पाजले होते. अर्ध्यांना विष सोडणारे, अर्ध्यांना विष सोडता न येणारे. हगवण फक्त पहिल्यांना लागायला हवी होती. पण सातव्या पिंजऱ्यात बिनविषारी जंतू प्यायलेले पाचही उंदीर हगवणीनं मलूल पडले होते, आणि सरांचा शोधनिबंध तर आधीच लिहून झाला होता.

मावशींनी पिंजरा उघडला, शेपटीच्या बुडाला धरून एक उंदीर तळहातावर घेतला. "विषवाल्यांच्या डाव्या कानाला खाच, बिनविषाच्यांच्या उजव्या. मीच पाडल्यात. अदलाबदलीत कानपण बदलतात का, सर? धरा, बघा."

अकरा वर्षांत एकही उंदीर हातात न धरलेले सर दोन पावलं मागे सरले. "तुमचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय ना?"

"संपू दे की. पण ह्या उंदरांना प्रतिकारशक्तीच नाही. ज्या घराला दारच नाही, ते लुटायला चोराला हत्यार कशाला लागतंय?"

मग त्यांनी वहीत ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'पिंजरा सात. पाचही आजारी. पाचही उजव्या कानाचे.' खाली सही ठोकली आणि पेन सरांपुढे धरलं.

"साक्षीदार म्हणून तुमची सही राहिली. धरताय, का पेनही चावतं?"