सवत विझली

कोळशावरचं आमचं वीज केंद्र कायमचं बंद झाल्याची नोटीस लागली, त्याच दिवशी मी कळंबला घरी परतलो. बायको जाऊन चार महिने झाले होते. भाकरी घेऊन आलेल्या मेहुणीला बातमी सांगितली. ती म्हणाली, “म्हंजी आक्काला येडाई पावली. लई उशिरा.” “कशाला पावली?” “नवस व्हता तिचा, दाजी. सवत विझली की देवीला लुगडं नेसवीन. बॉयलरला सवतच म्हणायची ती.” तीस वर्षं मी त्या बॉयलरवर होतो. तिच्या शेवटच्या दुखण्यातही रजा घेतली नाही; माझ्यावाचून बॉयलर थांबेल असं वाटायचं. तो एका कागदानं थांबला. तिच्या पेटीत हिरवं लुगडं निघालं, घडी न मोडलेलं. मेहुणी म्हणाली, “चला, नवस फेडून येऊ.” “माणूस नेल्यावर पावली, तिला लुगडं कशाला?” येडाईचं येरमाळा अर्ध्या तासावर आहे. नवस अजून फेडलेला नाही.