बघणाऱ्यानं बोलायचं नाही

"आई, हॉल तिकीट कुठंय?" लेकीनं विचारलं.

आई गप्प राहिली. चाचणीचा नियमच तसा होता. विद्यार्थ्यानं जुनं पोर्टल वापरताना मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं, आणि बघणाऱ्यानं तोंडाला कुलूप लावायचं. एकदा का मदत केली, की पोर नेमकं कुठं अडतं ते कळतच नाही. कॉलेजच्या पोर्टलची रचना नव्यानं करायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा हा नियम तिनंच सगळ्यांना घालून दिला होता.

"परीक्षा विभागात नाही. 'माझं खातं', त्यातही नाही. सूचना... बाप रे, या काय आजोबांच्या काळातल्या सूचना आहेत का?" लेक बडबडत होती. एका हातात माऊस, दुसऱ्या हातानं स्वेटरची बाही ओढायचा चाळा. खोलीत मरणाचं उकडत होतं. आईनं पंखा आणखी वाढवला.

जुनं पोर्टल ज्यानं केलं होतं त्याचा विद्यार्थ्यांवर काहीतरी राग असावा. फी भरायचं बटण पहिल्याच पानावर, लालभडक. आणि हॉल तिकीट कुठं, तर 'इतर सेवा', त्यात 'संकीर्ण', त्याच्याही पोटात. नव्या पोर्टलवर ते उघडल्या उघडल्या समोर दिसत होतं. त्यासाठी आईनं प्राचार्यांशीसुद्धा वाद घातला होता.

"उजवीकडे, खाली," ती हळूच म्हणाली. आज तिच्यानं नियम पाळवेना.

लेकीनं माऊस डावीकडे नेला.

"अगं, उजवीकडे."

लेक आणखी डावीकडे गेली. सांगितलं त्याच्या उलट करायचं, ही तिची पाळण्यातली खोड.

प्रोग्रामर दारात येऊन उभा राहिला. नव्या पोर्टलचं सगळं कोडिंग त्याचं होतं. वयानं बराच लहान, तिला ताई म्हणायचा.

"ताई, ऑफिसमधून परत फोन आला. हॉल तिकिटं द्यायला सुरुवात झालीय. तुम्ही हो म्हणा, मी नवं पोर्टल लगेच चालू करतो."

"मागे जायचं बटण अजून नीट नाहीये."

"ते तुम्ही मागेच बदलून घेतलंत."

"मग रंग. रंग फार फिका वाटतोय."

"तो त्याच्याही आधी."

तो चिडला नव्हता. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं एकदा लेकीकडे पाहिलं आणि मग तो आपल्या चपलांकडे बघत राहिला.

पोर्टल केव्हाच तयार होतं. ती उगाच खुसपटं काढत बसली होती, आणि हे त्या दोघांनाही कळत होतं. काम संपलं की चाचण्या संपणार. मग लेक अशी समोर बसायची नाही, याची तिला भीती वाटत होती. कॉलेजात जायला लागल्यापासून पोरगी घरात हाताला लागायची नाही. जेवताना फोन, फोन संपला की झोप. काही विचारावं तर "बरं", "बघू", "नंतर सांगते". इथं मात्र नियमानं तिला बोलावंच लागे. मनात येईल ते, मोठ्यानं. एवढं ऐकायला आईला स्वतःच्याच मुलीची चाचणी घ्यावी लागली होती.

"आई, काहीतरी बोल ना गं. पुतळ्यासारखी काय बसलीस?"

"बोलतेय ना, शहाणे." आईचा आवाज चिरकला. "बोलतेच आहे मी."

"बरं, नको बोलूस. राहा गप्प." लेक हसली. "भूक लागलीये मला. हे सापडलं की काहीतरी खाते आणि गाडी घेऊन मैत्रिणीकडे जाते."

"नको जाऊस," आई म्हणाली.

प्रोग्रामरनं घसा खाकरला. "ताई, खाली पहिल्या वर्षाची मुलं उभी आहेत. एक पोरगी तर रडतेय. तिला हॉल तिकीट सापडत नाहीये."

आईनं पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "कुणी मदत नाही का करत तिला?"

"त्या पोर्टलवर कोण काय मदत करणार? क्लार्कलाच सापडत नाही."

इकडे लेक नखं खात होती. "इथंही नाही. आई, मला ना आता खरंच रडू येईल हं." तिची हनुवटी जराशी थरथरली. लहानपणी शाळेच्या फाटकाशीही ती अशीच थरथरायची. आणखी कुणाची तरी लेक खाली अशीच उभी होती, आणि तिला मदत करणं आईच्या हातात होतं.

"कर चालू," ती म्हणाली.

"नक्की ना?" तो अडखळला. "मग चाचण्यांचं सगळं आजच आवरावं लागेल. तुमच्यापुरता नियम थोडा वाकवता येईल, ताई. कुणाला कळणार आहे?"

"नको. सगळ्या मुलांना शब्द दिलाय. हिलाही दिलाय. काम संपलं की चाचणीतलं काहीही मागे ठेवायचं नाही."

"सापडलं!" लेक ओरडली आणि तिनं दोन्ही हात वर केले. "बघ, तुझ्या मदतीशिवाय सापडलं!"

आई हसली. डोळे पुसायचं तिला भान राहिलं नाही.

"घरी तिचा आवाज आणखी कशात तरी असेल ना, ताई?" प्रोग्रामरनं विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. तो वाकला आणि त्यानं एक कळ दाबली. लेकीचे हात वरच्या वर थांबले, आणि तिच्या हसऱ्या चेहऱ्यावर एक चौकट उघडली: 'हे रेकॉर्डिंग कायमचं पुसायचं आहे का?'