एक्कावन्नावं माप

मर्व्ह गेल्यावर त्याच्या गॅरेजमध्ये काडतुसं भरायचं काम नोरीनने हाती घेतलं. रानडुकरं काही दुखवटा पाळत नाहीत. पन्नास रिकाम्या पुंगळ्यांत तिने एकेक माप बंदुकीची दारू घातली, वर गोळ्या बसवल्या आणि मर्व्हच्या शिस्तीप्रमाणे शेवटी दारूचा डबा वजनाला लावला.

"वहिनी, डब्यातून एक्कावन्न मापं गेलीत," तिचा दीर किथ म्हणाला. "एका पुंगळीत दारू दोनदा पडली असणार. ते काडतूस उडवलंस, तर बंदूक तुझ्याच तोंडावर फुटेल."

दोघांनी एकेक काडतूस काट्यावर ठेवलं. जड एकही नव्हतं. पण मोजली तेव्हा ती एक्कावन्न भरली.

जास्तीचं काडतूस किथने उजेडात धरलं. पितळेला ओली लाल माती चिकटली होती आणि बुडावर चाकूने एक जुनं साल कोरलेलं होतं.

"अगं, ही तर दादाच्या पहिल्या शिकारीची पुंगळी! कुठं ठेवली होतीस इतके दिवस?"

नोरीनने काडतूस हातात घेऊन बुडावरची माती अंगठ्याने पुसली.

"त्याच्या कोटाच्या खिशात," ती म्हणाली. "शवपेटीचं झाकण लावायच्या आधी."