ऐकण्याआधीची माफी

"माफी मागायला आलोय, हेमंत," एवढं म्हणून प्रकाशराव चपला काढायला वाकले, तोच वरून उत्तर आलं.

"माफ केलं, प्रकाशभाऊ. विषय खतम."

प्रकाशरावांची एक चप्पल पायातच राहिली. इंद्रपुरीहून कोटऱ्यापर्यंत बसमध्ये त्यांनी पुढचं वाक्य घोकलं होतं. ती फाइल मी हरवली आणि चौकशीत तुझं नाव घेतलं. एकोणीस वर्षं घशात अडकलेलं वाक्य. ते ऐकून घ्यायची तसदीही न घेता हा गृहस्थ क्षमा करून मोकळा झाला होता.

हेमंतला यंदा वॉर्डाचं तिकीट मिळणार अशी हवा होती, त्यामुळे त्याची बैठक लग्नघरासारखी भरलेली. दारावरच्या फ्लेक्सवर तो हात जोडून उभा होता आणि खाली मोठ्या अक्षरांत क्षमावाणीनिमित्त समस्त वॉर्डवासीयांची क्षमा मागितलेली होती. कशाबद्दल, ते लिहिलं नव्हतं. घाऊक मालावर कुणी तपशील लिहीत नाही.

प्रकाशरावांना इथवर आणलं ते त्यांच्या शेजारच्या जैनसाहेबांनी. ते दरवर्षी क्षमावाणीला, म्हणजे जैनांच्या माफी मागायच्या दिवशी, हात जोडून दारात येत, "उत्तम क्षमा" म्हणत आणि जात. काल मात्र थांबले. म्हणाले, "भाईसाब, पार्किंग में आपकी स्कूटर का इंडिकेटर मुझसे टूटा था. तब बताया नहीं." म्हातारा माणूस इंडिकेटरसाठी खाली मान घालून उभा होता, आणि प्रकाशरावांना स्वतःची लाज वाटली. देवाकडे त्यांची माफी रोजच व्हायची. पूजा संपली की क्षमापनेचा श्लोक म्हणायचा, की झालं. कोणती चूक, असं देवाने आजवर विचारलं नव्हतं.

"आधी ऐकून तर घे," प्रकाशराव म्हणाले.

"ऐकायचं काय त्यात? भूलचूक होते माणसाच्या हातून." हेमंतने वळून हाक मारली. "तिवारीजी, ये हमारे दफ्तर के पुराने साथी हैं. माफी माँगने आए हैं. एक व्हिडिओ बना लीजिए."

मिशीला कलप लावलेले तिवारीजी मोबाइल घेऊन पुढे आले. "अंकलजी, बस इतना बोलिए, जाने-अनजाने में जो गलती हुई हो, उसके लिए क्षमा. फिर भैया आपको गले लगाएँगे."

प्रकाशरावांनी मनाशी म्हटलं, चला, चारचौघांत तर चारचौघांत. त्यांनी घसा खाकरला. "सन दो हज़ार छह में कॉलोनी की फ़ाइल मैं घर ले गया था, और..."

तिवारीजींनी मोबाइल खाली केला. "अंकलजी, इतना डिटेल पब्लिक को नहीं चाहिए."

दुसऱ्यांदा प्रकाशरावांनी "फ़ाइल" म्हणायच्या आतच हेमंतने त्यांना मिठीत ओढलं. मिठी चांगली घट्ट होती. टाळ्या सुरू झाल्या आणि त्या आवाजात तो कानाशी म्हणाला, "लोकांना मी सांगितलंय की भ्रष्टाचाराला कंटाळून मी नोकरीवर लाथ मारली. मला काढलं होतं, हे आता कशाला उकरता? माफ केलंय ना? मग गप्प बसा."

चोराने आपल्या पायांनी ठाण्यात जावं आणि हवालदाराने चहा पाजून परत पाठवावं, तशी प्रकाशरावांची गत झाली. त्यांना खरोखर संताप आला. ज्याचं वाईट केलं त्याच्यावरच आपण संतापतोय, हे ध्यानात आल्यावर तर तो आणखीच वाढला.

कुठल्याशा कार्यक्रमाची वेळ झाली होती. हेमंत आणि मंडळी जीपमध्ये बसून गेली. रिकाम्या बैठकीत खुर्च्या आणि प्रकाशराव राहिले.

हेमंतची बायको सुचेता आतून चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रे हातात धरूनच ती उभी राहिली.

"कॉलनीची फाइल तुम्ही घरी नेली होती?"

"हो, वहिनी." आता अडवायला कुणी नव्हतं. "काम उरलं होतं म्हणून नेली. येताना ऑटोत विसरलो. चौकशीत सांगितलं, हेमंतच्या टेबलावर ठेवली होती. आमची मधुरा तेव्हा दीड महिन्याची होती. नोकरी जाईल म्हणून घाबरलो."

झालं. अखेर सांगून झालं. छातीवरचा धोंडा उतरेल असं त्यांना वाटलं होतं, पण सुचेता त्यांच्याकडे पाहतच नव्हती.

"म्हणजे यांनी ती बिल्डरला विकली नव्हती."

"छे, वहिनी. हेमंतने फाइल पाहिलीसुद्धा नव्हती. ती अफवा होती. ती मी खोडली नाही, हा माझाच दोष. तुम्ही मला..."

"थांबा." तिने ट्रे खुर्चीवर ठेवला. कपातला चहा बशीत सांडला, तो तिने पुसला नाही.

"त्या दिवशी घरी येऊन हे माझ्यापुढे बसले होते," ती म्हणाली. "लहान मुलासारखे रडत होते. म्हणत होते, मी काही केलेलं नाही, सुचेता, तू ऐकून तरी घे."

ती शेजारच्या खुर्चीवर बसली.

"मी नाही ऐकलं. मला वाटलं, कबूल करायला लाजतायत. म्हटलं, जाऊ द्या, मी तुम्हाला माफ केलंय."