मोठा अर्धा

बी.एड.च्या सराव पाठाला आता खरी मुलं मिळत नसत, म्हणून बाकांवर यंत्रमुलं बसवत. त्यांची चुकीची उत्तरं मात्र खऱ्या मुलांचीच होती. प्राध्यापक वाघचौरेबाईंनी 'अपूर्णांक शिकताना मुलांच्या होणाऱ्या चुका' या संशोधनासाठी ती कधीकाळी पाड्यापाड्यांवरून गोळा केली होती.

"भाकरीचे दोन अर्धे केले. मोठा कोणता?" पाठ घेणाऱ्या तेजलने विचारलं.

"दादाचा," मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"चूक. दोन्ही सारखेच," म्हणत तेजल फळ्याकडे वळली.

पाठाचं निरीक्षण करत बसलेल्या बाईंनी ते उत्तर ओळखलं. ही तर पाड्यावरची जमनी! त्या उठून तिच्याजवळ गेल्या.

"बाळा, तुझ्या वाट्याला किती येते गं?"

"दादाचा," मुलगी पुन्हा म्हणाली. तिच्यात एवढंच उत्तर होतं. तेव्हा पाड्यावर बाईंनीही जमनीला 'चूक' म्हणून पुढच्या मुलाला विचारलं होतं.